पेरूचे जेवण

दसरा होऊन चार दिवस झाले होते. ओमतीच्या नाक्यावर फळांच्या गाडीपाशी उभे राहून आम्ही हंगामातील पहिले पेरू निवडीत असता मुंबईहून चिरंजिवांचा दूरध्वनी आला. "बाबा, पुढच्या महिन्यात आईला साठ पूर्ण होतात. तुम्ही दोघे इकडेच या, आरक्षण मी काढून ठेवतो. ह्या खेपेस तुम्हांला पेरूचे जेवण द्यायचे ठरवले आहे." हातात पेरू, पुढ्यात पेरूंचा ढीग आणि कानात पेरूचे जेवण! मुंबईकरांच्या चैनीचे आम्हांस आता आश्चर्य वाटत नाही. तथापि पेरूची कोशिंबीर आणि फार तर पेरूची भाजी ह्यांपलीकडे त्या फळाची मजल कशी जाणार, आणि त्यासाठी एक रात्रीचा प्रवास कशास करावयाचा, हे काही केल्या ध्यानात येईना. आम्ही तसे बोलून दाखविले. पलीकडून मोठ्याने हसण्याचा आवाज आला. "अहो बाबा, बिही नव्हे. पेरू देश. दक्षिण अमेरिकेतला."

चूक आमची होती. चिरंजीव जबलपुरात लहानाचे मोठे झाले. आपण ज्यास पेरू म्हणतो त्यास येथे बिही म्हणतात, आणि चिरंजीवही शाळकरी वयापासून तेच म्हणत आले आहेत. त्यांच्या लेखी पेरू म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातील एक देश. आम्ही नव्याने येथे आलो तेव्हा ह्याच नाक्यावर "पेरू क्या भाव?" असे विचारले असता गाडीवाल्याच्या चुणचुणीत मुलाने आम्हांस सुनावले होते, "साहब, पेरू तो देश का नाम है." त्या वेळी त्या पोराची कीव आली होती. आता कोणाची करावी हा प्रश्न आहे. पोर्तुगीज भाषेत नासपतीस 'पेरा' म्हणतात, त्यावरून आपला शब्द आला असे म्हणतात. ते काहीही असो, ते झाड मूळचे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातलेच आहे.

तीन वर्षांच्या बदलीवर आम्ही जबलपुरास आलो, त्यास आता एकतीस वर्षे झाली. मध्यंतरी दोनदा बदलीचे हुकूम निघाले आणि दोनदा ते फिरले. शेवटी सेवानिवृत्ती आली तीही येथेच. घंटाघराच्या मागल्या अंगास ओमतीच्या एका गल्लीत भाड्याचे घर घेतले होते, तेच पुढे विकत घेतले. ह्या मासिकाच्या वाचकांस अशा घराची ओळख निराळी करून द्यावयास नको. बाहेरच्या खोलीत हिंदी, देवघरात संस्कृत आणि स्वयंपाकघरात मराठी असा तेथे कारभार असतो. गोडा मसाला नागपूरहून येणाऱ्या पाहुण्यांच्या पिशवीतून येतो, आणि पाहुणे मसाला विसरले तर त्यांचा पाहुणचार पहिल्याच दिवशी किंचित थंडावतो. जबलपूर भोसल्यांच्या हातून १८१७ साली गेले. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र ओमतीतील आपले स्वयंपाकघर अद्याप कोणाच्या हाती पडू दिलेले नाही.

ह्या बालेकिल्ल्याचा अतिशय कडेकोट बुरूज म्हणजे एकादशी. इतर दिवशी थोडीफार सवलत मिळे. करमचंद चौकातील इंडियन कॉफी हाउसात फेटेवाल्या मलयाळी सेवकाने आणून दिलेला डोसा सौभाग्यवतींनीही आवडीने खाल्लेला आहे. एकादशीस मात्र काय चालते आणि काय चालत नाही ह्याचे शास्त्र त्यांनी वऱ्हाडातील माहेराहून आणले, आणि त्यात काना-मात्रेचा फरक होऊ दिला नाही. अपवाद एकच. कमानिया फाटकाकडे मिळणारी जबलपुरी खव्याची जिलबी मैद्याची नसल्यामुळे उपासास चालते, असा निर्णय त्यांनी येथे आल्यावर पहिल्याच वर्षी दिला. त्यावर अपील करण्याची आम्हांस कधी इच्छा झाली नाही.

सूनबाई ह्याच गावच्या, हिंदीभाषी घरातील. त्यांचे माहेर आमच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर आहे. लग्नास आता पाच वर्षे होतील. लग्नानंतरची पहिली आषाढी आली तेव्हा चिरंजीव व सूनबाई सुटीवर ओमतीसच होते. पहाटे उठून, सासूबाईंस विश्रांती मिळावी म्हणून, सूनबाईंनी उपासाचा सगळा स्वयंपाक एकटीने केला. साबुदाण्याची खिचडी केली, शिंगाड्याचा शिरा केला, आणि त्यांच्या माहेरी व्रताच्या दिवशी होते तशी बटाट्याची रस्साभाजी केली. त्या भाजीत टोमॅटो होता.

सौभाग्यवतींनी पातेल्यावरचे झाकण उचलले आणि पुन्हा ठेवले. त्या ओरडल्या नाहीत. त्या इतकेच म्हणाल्या, "टोमॅटो? उपासाला? विलायती फळ ते. आमच्या सात पिढ्यांत कोणी एकादशीस तोंडात घातले नाही. सगळेच भ्रष्ट झाले की." ती भाजी मोलकरणीस देण्यात आली. सौभाग्यवतींनी केळे आणि दूध घेतले. सूनबाईंनी दिवसभर काहीच घेतले नाही, "मला भूक नाही" एवढे मराठीत म्हणाल्या. ते मराठी त्या आमच्याचसाठी शिकल्या होत्या.

आम्ही कोठे होतो? आम्ही बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचीत होतो. शब्द न् शब्द कानी पडत होता. ज्या भाजीत टोमॅटो पडल्यामुळे ती भ्रष्ट झाली त्या भाजीतील बटाटाही तितकाच विलायती आहे, हे मॅट्रिक झालेल्या कोणासही ठाऊक असते. आम्हांसही होते. उठून आत जावे आणि हसत हसत ते सांगावे, इतकेच करावयाचे होते. आम्ही पान उलटले. नोकरीत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसास दोन टेबलांमधील वादात टिपणी न लिहिण्याची कला साध्य झालेली असते. ती घरी वापरू नये हे मात्र कोणत्याही नियमावलीत लिहिलेले नसते.

त्यानंतर सूनबाई ओमतीस अनेकदा आल्या, परंतु एकादशीस त्यांनी स्वयंपाकघराचा उंबरा कधी ओलांडला नाही. कोणी कोणास काही म्हटले नाही. पुढे तर त्यांचे येणे नेमके एकादशी टाळून होऊ लागले, आणि हे योगायोगाने होते असे आम्ही सर्वांनी मानून घेतले.

असो. सेवानिवृत्त माणसास वेळ पुष्कळ असतो. पेरूच्या जेवणास जावयाचे तर त्या देशाविषयी चार गोष्टी वाचाव्यात म्हणून आम्ही बसलो, आणि तीन आठवडे त्यातच गेले. चिरंजिवांनी कळविले होते की ते भोजनगृह नुसते पेरूचे नव्हे. पेरू आणि आशिया ह्यांच्या पाकक्रियांचा तेथे 'फ्यूजन' होतो. ह्या शब्दास मराठीत काय म्हणावे? मिश्रपाक म्हणावे तर औषधाची आठवण होते. संकर म्हणावे तर आमच्या घरातील पूर्वेतिहास पाहता तो शब्द न उच्चारलेलाच बरा.

मौज अशी की हा मिलाफ कोणा हौशी बल्लवाने केवळ चमत्कृतीसाठी केलेला नाही. तो परमुलखी गेलेल्या माणसांच्या भुकेतून झालेला आहे. १८४९ ते १८७४ ह्या काळात सुमारे एक लाख चिनी मजूर करारावर पेरूत नेण्यात आले. उसाचे मळे, समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे खत खणण्याची बेटे आणि रेल्वेची कामे ह्यांसाठी त्यांची गरज होती. करार बहुधा आठ वर्षांचा असे, आणि त्याचे स्वरूप गुलामीहून फारसे निराळे नसे. शिध्यात तांदूळ मिळावा ही मात्र त्यांची अट होती. करार संपल्यावर जे जगले त्यांपैकी पुष्कळ लिमा शहरात आले आणि त्यांनी खाणावळी घातल्या. अशा खाणावळीस तिकडे 'चीफा' म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी 'भात खाणे' ह्या अर्थाचे चिनी शब्द आहेत. परतलेल्या भातास 'चाउफा' म्हणतात. एवढेच नव्हे, तर आल्याला स्पॅनिश भाषेत स्वतःचा शब्द असताना पेरूचे लोक त्यास 'कियोन' ह्या चिनी नावानेच ओळखतात. आमच्या चिरंजिवांच्या बिहीसारखेच हे झाले. मनुष्य ज्या बाजारात वाढतो त्या बाजाराचे शब्द त्याच्या जिभेवर बसतात.

आमची बदली तीन वर्षांची होती, आणि तीही प्रवासभत्त्यासह. त्या मजुरांच्या हालांशी आपल्या गैरसोयींची तुलना करणे हास्यास्पद होईल. परंतु परक्या गावी पहिल्या संध्याकाळी आपल्या पद्धतीचा भात कोठे मिळेल ह्या विवंचनेने ज्याचे पाय जड झाले आहेत, त्यास 'चीफा' ह्या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही.

चिन्यांच्या मागून जपानी आले. १८९९ साली 'साकुरा मारू' ह्या जहाजातून ७९० जपानी मजूर पेरूच्या किनाऱ्यावर उतरले. मासा लिंबाच्या रसात मुरवून, वर कांदा आणि मिरची घालून खाण्याची पेरूची जुनी चाल आहे. त्यास 'सेविचे' म्हणतात. पूर्वी तो तासन् तास मुरत ठेवीत. मासा अगदी ताजा असावा, तो पातळ कापावा आणि लिंबाने त्यास नुसते स्पर्शून जावे, ही जपानी दृष्टी त्यात मागाहून आली. कांदा वगळून पातळ चकत्यांचा 'तिरादितो' नावाचा जो पदार्थ निघाला तो तर दोन्ही घरचा नातू शोभतो. तरीही ह्या कथेस एक काळी बाजू आहे. दुसऱ्या महायुद्धात पेरूतील सुमारे अठराशे जपानी वंशाच्या माणसांस धरून अमेरिकेतील छावण्यांत पाठविण्यात आले. त्यांतील अनेकांचा जन्मच पेरूत झालेला होता. शेजाऱ्याचा पदार्थ माणूस लवकर आपला म्हणतो. शेजाऱ्यास आपला म्हणावयास त्यास फार वेळ लागतो.

वाचता वाचता आम्ही मजूर आणि जहाजे सोडून भाजीपाल्याकडे वळलो, आणि तेथे आमची खरी पंचाईत झाली. बटाटा अँडीज पर्वतातला. दक्षिण पेरूत, टिटिकाका सरोवराच्या परिसरात, त्याची लागवड सात-आठ हजार वर्षांपूर्वी सुरू झाली. त्याचे हजारो वाण तेथील डोंगरउतारांवर आजही आहेत, आणि बटाट्याच्या अभ्यासासाठी १९७१ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संस्था लिमातच आहे. रात्रीच्या हिमात बटाटे गोठवायचे, सकाळी पायांनी तुडवून त्यांतील पाणी काढायचे आणि उन्हात वाळवायचे, असे वाळवण तेथील बायका-पुरुष पिढ्यान् पिढ्या करीत आले आहेत. ते वर्षानुवर्षे टिकते. चैत्रात गच्चीवर बटाट्याचा कीस घालणाऱ्या आणि कावळे हाकण्यासाठी आम्हांस काठी देऊन बसविणाऱ्या सौभाग्यवतींस हे सांगावेसे वाटले. पण प्रकरण तेथे थांबणारे नव्हते.

रताळे अमेरिकेतले. मिरची अमेरिकेतली. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला. उत्तर पेरूत सिपान येथे १९८७ साली एका प्राचीन अधिपतीचे थडगे उघडण्यात आले, तेव्हा त्याच्या अंगावर सोन्याचांदीच्या भुईमुगाच्या शेंगांचा हार होता. आपण ज्यांचे कूट करतो त्या शेंगा! राजगिराही अमेरिकेतला. अँडीजमध्ये त्यास 'किविचा' म्हणतात. राहिला साबुदाणा. त्याची हकीकत तर अद्भुत आहे. 'साबु' हे नाव मलायाकडचे, कारण मूळ साबुदाणा तिकडील एका ताडाच्या गाभ्यापासून होई. दुसऱ्या महायुद्धात तिकडून येणारा माल थांबला, तेव्हा तमिळ मुलखात सेलमकडे टॅपिओकाच्या कंदापासून तो करण्याचा धंदा वाढला, आणि आपण आज जो खातो तो हाच. हा कंद दक्षिण अमेरिकेतला. म्हणजे नाव आशियाचे आणि पिंड अमेरिकेचा. पुढे जाऊन कोणी फ्यूजन म्हणून आणखी काय करणार?

आम्ही कागद घेतला आणि सौभाग्यवतींच्या एकादशीच्या ताटातील जिन्नस एकाखाली एक लिहून त्यांपुढे मूळ गाव लिहीत गेलो. खाली रेघ मारली तेव्हा आपल्या बाजूस उरले ते वरीचे तांदूळ, शिंगाडा, केळे आणि दूध-तूप. बाकीचे सारे समुद्रापलीकडचे. टोमॅटोचे तर विचारूच नये. त्याची लागवड मेक्सिकोत झाली असली तरी त्याचे रानटी पूर्वज पेरू-इक्वेडोरकडचे, आणि कुळ बटाट्याचेच. तो बटाट्याचा सख्खा चुलतभाऊ निघाला. एका भावास देवघरापर्यंत प्रवेश आणि दुसऱ्यास मोलकरणीच्या डब्यात जागा! तो कागद आम्ही चौघडी करून खिशात ठेवला. दाखविण्याचे धैर्य मात्र झाले नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी सौभाग्यवतींनी दिनदर्शिका पाहिली. जन्मतारीख इंग्रजी, आणि त्या दिवशी कार्तिकी एकादशी! ओमतीच्या बाजारात देवउठनी ग्यारससाठी उसांच्या मोळ्या येऊन पडल्या होत्या, तरी आमच्या ध्यानात आले नव्हते. "आता पोराचा हिरमोड करू नका," त्या म्हणाल्या. "मी तेथे नुसते पाणी घेईन. तुम्ही जेवा." आणि त्यांनी राजगिऱ्याचे चार लाडू डब्यात भरले. १८७० साली मुंबईची आणि कलकत्त्याची रेल्वे ह्याच जबलपुरात येऊन जोडली गेली. त्या मार्गाने रात्रभर आम्ही प्रवास केला. खिशात तो कागद होता, समोर बाकावर लाडवांचा डबा होता, आणि झोप नव्हती.

भोजनगृह मुंबईच्या एका नव्या वस्तीत उंच मजल्यावर होते. आत उजेड इतका मंद की खाद्यपत्रिका वाचण्यासाठी चिरंजिवांनी मोबाइलचा दिवा धरला. शेजारच्या टेबलावर सेविचे आले. काचेच्या वाडग्यात पांढऱ्या माशाच्या फोडी, वर जांभळा कांदा, बाजूस रताळ्याची चकती. चिरंजीव मुंबईत मासे खाऊ लागले आहेत. त्यांच्या आईस ते ठाऊक आहे, आणि तिला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे, परंतु घरात त्याचा उच्चार होत नाही. त्यांनी त्या वाडग्याकडे एकदा पाहिले आणि स्वतःसाठी भाज्यांचा चाउफा मागविला. आम्हांस अळिंब्यांचा एक परतलेला पदार्थ मिळाला. त्यात सोयाबीनचा चिनी रस, टोमॅटो आणि तळलेले बटाटे होते, आणि सोबत भात होता. बटाटा आणि भात एकाच ताटात नांदताना पाहून आमच्यातील मराठी मनुष्य सुखावला. चव आंबट, खारट आणि किंचित धुरकट होती. विस्तव मोठा असल्याखेरीज तशी चव येत नाही.

सौभाग्यवती पाण्याचा पेला पुढे घेऊन सरळ बसल्या होत्या. सूनबाई पानावर नजर ठेवून होत्या. आमच्या मनात आले, ही आणखी एक एकादशी.

तेवढ्यात वाढप्या तरुण एक निराळे ताट घेऊन आला आणि त्याने ते सौभाग्यवतींपुढे ठेवले. मऊ कुस्करलेल्या बटाट्याचा पिवळाधमक थर, त्यावर शेंगदाण्याचे वाटण, पुन्हा बटाट्याचा थर. तिकडे ह्यास 'काउसा' म्हणतात, आणि तो थंडच खातात. बाजूस भाजलेल्या रताळ्याच्या फोडी आणि पांढऱ्या कंदाचे तळलेले तुकडे होते. सौभाग्यवतींनी ताट बोटभर दूर सारले.

"पिवळे कशाने? हळद आहे?"

"हळद नाही, मॅडम. पेरूची पिवळी मिरची आहे, आणि लिंबू."

"तळले कशात?"

"शेंगदाण्याच्या तेलात. कढई वेगळी ठेवली होती. मीठही सेंधव आहे. तशी लेखी सूचना होती."

"कोणाची?"

त्या तरुणाने सूनबाईंकडे पाहिले, आणि काही चुकले की काय अशा शंकेने आपल्या वहीत ठेवलेला छापील कागद काढून पुढे केला. सूनबाईंनी आठ दिवस आधी भोजनगृहास पत्र लिहिले होते. सौभाग्यवतींनी चष्मा लावला, चिरंजिवांनी दिवा धरला. कांदा नको, लसूण नको, अंडे नको, कोणतेही धान्य नको, सोयाबीन नको, हळद नको. मीठ सेंधव असावे. शेवटच्या ओळीत एकच गोष्ट निराळी लिहून खाली जाड रेघ ओढली होती. टोमॅटो नको.

सौभाग्यवतींनी ती यादी पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचली. मग कागद घडी करून ताटाशेजारी ठेवला आणि काउसाचा एक घास घेतला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. तळलेल्या कंदाचा तुकडा मोडून पाहिला, खाल्ला, आणि विचारले, "हे काय आहे?"

आता मात्र आम्हांस राहवेना. "साबुदाणा," आम्ही म्हणालो. "म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो तो कंद." आणि खिशातील कागद काढून आम्ही सारे सांगून टाकले. बटाटा, रताळे, शेंगदाणे, राजगिरा, मिरची, आणि शेवटी बटाट्याचा तो चुलतभाऊ. आमचा आवाज थोडा चढला असावा, कारण शेजारच्या टेबलावरील मंडळी पाहू लागली. चिरंजीव हसले. सूनबाई हसल्या नाहीत.

सौभाग्यवतींनी सर्व ऐकून घेतले. "म्हणजे बटाटाही विलायतीच?"

"विलायतीच."

"हे तुम्हांला आता वाचून कळले?"

खोटे बोलणे सोपे होते. "टोमॅटोचे कुळ आता कळले. बटाट्याचे शाळेपासून ठाऊक होते."

"त्या दिवशी ठाऊक होते?"

"होते."

"अहो, मग त्या दिवशी तोंडात काय धरले होते?"

ह्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. सूनबाईंनी तेवढ्यात मान वर केली आणि आमच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. एखादी फाइल पाच वर्षांनी भलत्याच कपाटात सापडावी तसे काहीसे त्यांना वाटले असेल. मग सौभाग्यवतींनी आपल्या ताटातील काउसाचा अर्धा भाग चमच्याने सूनबाईंच्या ताटात वाढला. "तूही उपाशीच आहेस ना? मला दिसत नाही असे समजू नकोस." खरेच, सूनबाईंच्या ताटात तोवर काहीच आलेले नव्हते. आम्ही ते पाहिलेही नव्हते. परत येताना डब्यात दोन लाडू कमी होते. ते कोणी आणि केव्हा खाल्ले ह्याची चौकशी आम्ही केली नाही.

बिलाचा आकडा चिरंजिवांनी आम्हांस दाखविला नाही. एकंदरीत जेवण चांगले होते. गोड पदार्थ मात्र आम्हांस रुचला नाही. खव्याची जिलबी ज्याने खाल्ली आहे त्यास तो रुचणे कठीणच.

ओमतीस परतल्यावर पुढच्या पंधरवड्यात दशमीच्या संध्याकाळी आम्ही उभयता नेहमीच्या किराणा दुकानी गेलो. साबुदाणा, शेंगदाणे, वरीचे तांदूळ. यादी एकतीस वर्षांची, दुकानदारास पाठ. त्याने पुडे बांधण्यास घेतले तोच सौभाग्यवती म्हणाल्या, "और सेंधा नमक. पाव किलो."

"आप लोगों में तो सादा चलता है न, माताजी?" त्याने विचारले.

"बहू के यहाँ सेंधा चलता है," त्या म्हणाल्या, आणि पिशवी आमच्या हाती दिली.

वाटेत भाजीवाला बसला होता. त्याच्यापुढे लालभडक टोमॅटोंची रास होती. आमची पावले थोडी मंदावली. सौभाग्यवतींनी रासेकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "त्याचे नंतर बघू." सूनबाईंनी आषाढीस ओमतीस येण्याचे कळविले आहे. गाडीचे आरक्षण उघडण्यास अजून अवकाश आहे.